भूपट्टाचा प्रवास आणि सह्याद्रीची घडण

सह्याद्रीला पर्वत म्हणायची वहिवाट आहे. पण हिमालय जसा थर दुमडून, एकमेकांवर चढून उभा राहिला, तसे सह्याद्रीचे झालेले नाही. कळसूबाईपासून महाबळेश्वरापर्यंत कुठलाही उघडा कडा पाहिला, तर खडकाचे थर जवळजवळ आडवे, एकावर एक रचलेले दिसतात. देशावरून येणाऱ्याला घाटमाथ्यापर्यंत फारशी चढण लागत नाही. माथ्यापलीकडे मात्र जमीन एकदम पाचशे ते हजार मीटर खाली कोकणात उतरते. भूशास्त्राच्या दृष्टीने सह्याद्री म्हणजे दख्खनच्या पठाराची पश्चिमेकडची तुटलेली कड. ही कड पश्चिमेलाच का तुटली, तिच्या माथ्यावर उगम पावणाऱ्या गोदावरी-कृष्णा जवळचा अरबी समुद्र सोडून चौदाशे किलोमीटरची वाट तुडवत बंगालच्या उपसागराकडे का गेल्या, कोकणातली गरम पाण्याची कुंडे जवळपास एका ओळीत का आहेत आणि स्थिर मानल्या गेलेल्या पठारावर किल्लारीचा भूकंप का झाला, या सगळ्या प्रश्नांचे मूळ एकच आहे. भारत ज्यावर वसला आहे तो भूपट्ट कोट्यवधी वर्षे सरकत आला आहे आणि आजही सरकतो आहे.

पृथ्वीचे सर्वांत बाहेरचे कठीण आवरण, म्हणजे शिलावरण, सलग नाही. सात मोठ्या आणि कित्येक लहान भूपट्टांत ते विभागलेले आहे. त्याची जाडी साधारण शंभर किलोमीटर. महासागरांखाली ती कमी, जुन्या खंडांखाली जास्त असते. त्याखालचे प्रावरण घन असले तरी इतके तापलेले असते, की दीर्घकाळात ते अत्यंत संथपणे वाहते. त्यावरचे भूपट्ट वर्षाला काही सेंटीमीटर या वेगाने सरकतात. दोन भूपट्ट दूर जातात तेथे फटीतून शिलारस वर येतो आणि नवा सागरतळ तयार होतो. ते समोरासमोर येतात तेथे जड सागरतळ दुसऱ्या भूपट्टाखाली जातो. दोन्ही बाजूंना खंडच असतील तर पर्वत उठतात. एकमेकांना घासून जातात तेथे लांबच लांब भ्रंश, म्हणजे खडक सरकलेल्या भेगा, पडतात. गेल्या अठरा कोटी वर्षांत भारताच्या वाट्याला चार मोठ्या फारकती आणि एक टक्कर आली. महाराष्ट्राची जमीन हा त्या घडामोडींचा परिणाम आहे.

कोळशातले पान

चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, उमरेड आणि कामठी या पट्ट्यातला दगडी कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना आहे. त्याच्या सोबतच्या थरांत जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे सापडतात. मधोमध ठळक शीर आणि तिच्या दोन्ही अंगांना जाळीदार शिरा असलेले हे पान ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष वनस्पतीचे आहे. हीच वनस्पती दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका येथील त्याच काळाच्या खडकांतही आढळते. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती मरण पावले, तेव्हा त्यांच्या सामानात सापडलेल्या खडकांच्या नमुन्यांतही ग्लॉसॉप्टेरिसचे जीवाश्म होते. एवढ्या दूरदूरच्या आणि आज अगदी वेगवेगळ्या हवामानाच्या प्रदेशांत एकच वनस्पती वाढली, कारण तेव्हा हे सारे प्रदेश एकाच महाखंडाचे भाग होते. मध्य भारतातल्या गोंडवन प्रदेशाच्या नावावरून त्या महाखंडाला गोंडवन हे नाव मिळाले.

कोळशाखालचे थर आणखी जुने, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्यांत मऊ, हिरवट मातीच्या खडकात लहानमोठे धोंडे विस्कळीतपणे रुतलेले दिसतात. वाहत्या पाण्याने आणलेला गाळ आकारानुसार निवडला जातो. हा तसा निवडलेला नाही. चंद्रपूरच्या नैर्ऋत्येला पैनगंगेच्या पात्रात, इरईजवळ, या थराखालचा चुनखडक उघडा पडलेला आहे. त्याचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला आणि त्यावर समांतर ओरखडे उमटलेले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील फेडन यांनी १८७५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. सरकत्या बर्फात गोठलेले धोंडे खडकावरून ओढले गेले की असे ओरखडे पडतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपार जाणाऱ्या चंद्रपुरात एके काळी हिमनदी होती, कारण तेव्हा ती भूमी दक्षिण ध्रुवाच्या बरीच जवळ होती.

तीन फारकती

गोंडवन टप्प्याटप्प्याने फुटले. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांचा पश्चिम भाग एकीकडे, तर भारत, मादागास्कर, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया यांचा पूर्व भाग दुसरीकडे अशी फूट पडू लागली. सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी भारत आणि मादागास्कर यांची जोडी अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियापासून सुटली. या दुसऱ्या फारकतीतून भारताचा पूर्व किनारा घडला. झारखंडमधील राजमहाल टेकड्यांतला सुमारे ११.७ कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट हा काळा ज्वालामुखी खडक याच घडामोडींनंतरचा; आज दक्षिण हिंदी महासागरात असलेल्या केर्गेलेन बेटांखालच्या तप्तस्थलाशी (प्रावरणातून उष्ण खडक वर येण्याच्या जागेशी) त्याचा संबंध लावला जातो.

तिसरी फारकत मादागास्करशी झाली, सुमारे पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वी. उडुपीजवळ मालपेच्या समुद्रात सेंट मेरीज बेटे आहेत. तेथे किनाऱ्यालगत पाच-सहा बाजूंचे दगडी खांब ओळीने उभे आहेत. ज्वालामुखी खडक थंड होताना आकसून तडकला की असे खांब तयार होतात. या खडकाचे वय मादागास्करच्या पूर्व भागातील ज्वालामुखी खडकांशी जुळते. कर्नाटक-केरळचा किनारा एवढा सरळ आहे, त्याचे कारण तो या तुटण्याच्या रेषेला धरून आहे. उत्तरेकडचा, म्हणजे महाराष्ट्रालगतचा भाग मात्र अजून मोकळा झाला नव्हता. त्याच्या पश्चिमेला सेशेल्स जोडलेले होते.

लाव्हाचे थर

मादागास्कर मागे पडल्यावर भारत आणि सेशेल्स यांचा तुकडा उत्तरेकडे निघाला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजचा महाराष्ट्र विषुववृत्ताच्या दक्षिणेस पंचवीस ते तीस अंशांच्या दरम्यान होता. त्याच सुमारास तो एका तप्तस्थलावर आला. प्रावरणातून उष्ण खडकाचा झोत ज्या जागी वर येतो तिला तप्तस्थल म्हणतात. भूपट्ट सरकत राहतो, तप्तस्थल मात्र त्या मानाने जागीच असते. हे तप्तस्थल आज हिंदी महासागरात फ्रान्सच्या ताब्यातील रियुनियन बेटाखाली आहे आणि तेथील पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजूनही जागा आहे.

दख्खनचा लाव्हा शंकूच्या आकाराच्या ज्वालामुखीतून उसळला, असे सहसा झाले नाही. तो मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून वर आला. अकराशे ते बाराशे अंश सेल्सिअस तापमानाचा बेसाल्टी लाव्हा पातळ असतो आणि दूरवर पसरतो. त्याच्या वरच्या भागावर लवकरच कठीण साय धरते. आतला लाव्हा वाहतच राहतो, आणि तव्यावरची भाकरी फुगावी तशी ती साय खालून उचलली जाते. पुढे कुठेतरी ती फाटते, तेथून लाव्हाची नवी जीभ बाहेर पडते आणि तीही तशीच फुगते. सायीखाली उष्णता टिकून राहिल्यामुळे काही प्रवाह शेकडो किलोमीटर गेले. आंध्र प्रदेशात राजमुंद्रीजवळ दख्खनच्याच रासायनिक घडणीचा बेसाल्ट सापडतो. तो पश्चिम घाटाच्या बाजूने सुमारे हजार किलोमीटर वाहत आला असावा, असे मानले जाते.

कुठल्याही घाटरस्त्याच्या कापात एका लाव्हाप्रवाहाची पूर्ण रचना वाचता येते. तळाशी काळाकभिन्न, घट्ट पाषाण असतो; त्यावर उभ्या चिरा असतात. वर जावे तसा खडक सच्छिद्र होत जातो, कारण वायूचे बुडबुडे वर जाताना अडकले. त्या पोकळ्यांत पुढे पाझरत्या पाण्यातून पांढरी, हिरवट, गुलाबी स्फटिकी खनिजे साचली. या ठिपकेदार, ठिसूळ खडकाला विहिरी खोदणारे मांजऱ्या म्हणतात. जळगाव, नाशिक आणि पुणे भागांतील अशा झिओलाइट खनिजांचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत गेले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले कॅव्हनसाइट हे निळेजर्द खनिज तर विशेष नावाजलेले आहे. सच्छिद्र भागाच्या माथ्यावर अनेकदा विटकरी रंगाचा मातकट पट्टा दिसतो. दोन उद्रेकांमध्ये जो काळ गेला त्यात उघड्या पृष्ठभागाची झीज होऊन ही माती बनली आणि पुढच्या प्रवाहाने ती झाकली गेली. त्यावर पुन्हा काळा पाषाण सुरू होतो. लेणी कोरणाऱ्यांना अजिंठा, वेरूळ, कार्ले आणि भाजे येथे सलग, जाड प्रवाह हाताशी मिळाले. गडांचे ताशीव कडे कठीण थरांचे आहेत, तर त्यांच्यामधले उताराचे पट्टे मऊ थरांचे.

हे थर वरवर सारखेच दिसतात. त्यांच्यातले सूक्ष्म रासायनिक फरक आणि स्फटिकांची ठेवण पाहून १९८० च्या दशकापासून त्यांची क्रमवारी लावली गेली. तळाकडच्या गटाला कळसूबाई, मधल्याला लोणावळा आणि वरच्याला वाई असे नाव आहे. त्यांच्या पोटात जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी उतरंड आहे. जगभरच्या भूशास्त्रीय नियतकालिकांत ही गावे आणि घाट आज थरांची नावे म्हणून छापली जातात.

दख्खन ट्रॅप नावाने ओळखला जाणारा हा प्रदेश आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतो आणि महाराष्ट्राचा जवळजवळ चार-पंचमांश भाग त्यात येतो. पश्चिम घाटात या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरांहून अधिक आहे आणि पूर्वेकडे ती कमी होत जाते. कोयनेजवळ घेतलेल्या वेधनछिद्रात ९३३ मीटरांवर बेसाल्ट संपून ग्रॅनाइटी खडक लागला. किल्लारीला तोच सुमारे ३३८ मीटरांवर लागला. नागपूरच्या पूर्वेस हे आवरण संपते. एवढ्या लाव्हाचा बहुतेक भाग दहा लाखांहून कमी वर्षांत बाहेर पडला.

उद्रेक सलग नव्हते. मधल्या काळात तळी साचत, झाडे वाढत, प्राणी वावरत. मुंबईत वरळीच्या टेकडीतल्या काळ्या शेल या गाळाच्या खडकात एकोणिसाव्या शतकात बोटभर लांबीच्या बेडकांचे सांगाडे सापडले. जीवाश्मशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुरा येथे लाव्हाखालच्या थरांत डायनोसॉरची हाडे आणि अश्मीभूत विष्ठा मिळते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या विष्ठेत गवताचे सिलिकायुक्त सूक्ष्म कण होते. गवत डायनोसॉरच्या काळानंतर आले, ही तोपर्यंतची समजूत त्यामुळे बदलली. डायनोसॉर नाहीसे झाले तो काळ दख्खनच्या उद्रेकांच्या काळातच येतो. मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे आदळलेली अशनी आणि दख्खनमधून बाहेर पडलेले वायू यांचा त्या विनाशात किती किती वाटा, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही.

चौथी फारकत आणि कोकणची कड

तप्तस्थलामुळे शिलावरण तापून कमकुवत झाले होते. सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी सेशेल्स भारतापासून अलग होऊ लागले. मध्ये कार्ल्सबर्ग रिज ही सागरतळाची उंच रांग तयार झाली आणि तिच्या दोन्ही अंगांना नवा तळ पसरत गेला. आजच्या अरबी समुद्राचा मोठा भाग या फारकतीतून आला. सेशेल्सची मुख्य बेटे महासागराच्या मधोमध असूनही ग्रॅनाइटची आहेत, कारण ती एका खंडाचा मागे राहिलेला तुकडा आहेत.

तुटण्याच्या काळात भारताची पश्चिम कड ताणली गेली, वाकली आणि समुद्राकडे खचली. घाटमाथ्यावर जवळजवळ आडवे असलेले थर पनवेलपासून पुढे पश्चिमेकडे कलतात. भूशास्त्रज्ञ ऑडन यांनी १९४९ मध्ये या वळणाचे वर्णन केले आणि पनवेलचे वळण म्हणून ते ओळखले जाते. मुंबईच्या बेटांवरचे थरही पश्चिमेकडे झुकलेले आहेत. मुंबईतले काही खडक दख्खनच्या मुख्य लाव्हाहून तरुण आणि घडणीने वेगळे आहेत. पाण्यात ओतला गेल्यामुळे उशीसारखे गोळे झालेला लाव्हा येथे आढळतो; मढ, मनोरी आणि उत्तन या बाजूला फिकट रंगाचा ऱ्हायोलाइट सापडतो. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी म्हणजे बेसाल्टच्या उभ्या खांबांचा सुमारे साठ मीटर उंचीचा सुळका आहे.

पालघर जिल्ह्यातील सातिवली, त्याच्या दक्षिणेची वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी, रायगडातील पालीजवळचे उन्हेरे, रत्नागिरीतील उन्हवरे, आरवली, तुरळ आणि राजापूर ही गरम पाण्याची ठिकाणे नकाशावर मांडली, तर ती किनाऱ्याला साधारण समांतर पट्ट्यात येतात. येथे जागा ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी खोल भेगांतून खाली जाते, भूगर्भाच्या उष्णतेने तापते आणि त्याच भेगांच्या जाळ्यातून वर येते. किनाऱ्याच्या खचण्याने पडलेल्या या भेगा अजून मोकळ्या आहेत.

खचलेला भाग समुद्राखालीही पसरलेला आहे. त्यावर कोट्यवधी वर्षे गाळ आणि चुनखडक साचत गेले. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर, या खचलेल्या तळावरच्या एका उंचवट्यावर, १९७४ मध्ये सागर सम्राट या वेधन जहाजाने खणलेल्या विहिरीत खनिज तेल लागले. बॉम्बे हाय हे देशातले सर्वांत मोठे तेलक्षेत्र अशा रीतीने सेशेल्सच्या फारकतीने खोलगट झालेल्या तळाशी बांधलेले आहे.

माथा मागे सरकला, नद्या पूर्वेला राहिल्या

फारकतीनंतर तयार झालेली उंच कड आजच्या घाटाच्या जागी नव्हती. ती समुद्राच्या बरीच जवळ होती. पश्चिमेकडे उतरणारे ओढे आखूड आणि तीव्र उताराचे, शिवाय पाऊस भरपूर. त्यांनी कडा पायथ्याकडून पोखरत पूर्वेकडे ढकलला. आजचे पन्नास-साठ किलोमीटर रुंदीचे कोकण ही त्या माघारीत मोकळी झालेली जमीन आहे. माथेरान, प्रबळगड आणि कर्नाळा हे मुख्य रांगेपासून सुटलेले डोंगर मागे उरले. एवढ्या खडकाचे ओझे उतरल्याने पठाराची कड हळूहळू वर उचलली गेली असावी, असेही मानले जाते.

नद्यांचे वळण याहून जुने आहे. तप्तस्थलावर आलेला भूभाग घुमटासारखा फुगतो. या घुमटाचा माथा आजच्या पश्चिम किनाऱ्याच्या बाजूला होता, म्हणून पाणी पूर्वेकडे वाहू लागले, असे स्पष्टीकरण भूशास्त्रज्ञ कॉक्स यांनी १९८९ मध्ये मांडले. पुढे पश्चिमेकडचा भाग तुटून गेला तरी पूर्वेकडचा उतार तसाच राहिला. म्हणून महाबळेश्वराला उगवलेली कृष्णा आणि त्र्यंबकेश्वरी उगवलेली गोदावरी समुद्र हाकेच्या अंतरावर असताना उलट दिशेला जातात. तापी आणि नर्मदा यांना हा नियम लागू नाही. त्या दख्खनच्या लाव्हाहूनही जुन्या कमकुवत रेषांवरच्या खचदऱ्यांतून पश्चिमेला वाहतात. अकोला-बुलढाण्यातील पूर्णेच्या खोऱ्यात शेकडो मीटर जाडीचा गाळ साचला आहे तो या खचण्यामुळेच.

झिजलेल्या बेसाल्टने राज्याची शेतीही ठरवली. कोरड्या बाजूला त्याची काळी कसदार कापसाची जमीन झाली. पावसाच्या बाजूला त्यातले विरघळणारे घटक वाहून गेले, लोह आणि अॅल्युमिनियम उरले आणि जांभा बनला. पाचगणीचे टेबललँड आणि कासचे पठार यांच्या माथ्यावर तो आहे. दक्षिण कोकणात घरे त्याच्याच चिऱ्यांनी बांधतात. गोव्यात मात्र लाव्हाचे आवरण अगदी थोड्या भागात आहे. तेथील लोहखनिज लाव्हाच्या कितीतरी आधीच्या, अब्जावधी वर्षे जुन्या खडकांतले आहे.

टक्कर

सेशेल्स सुटण्याच्या आगेमागे भारतीय भूपट्टाचा वेग वर्षाला पंधरा सेंटीमीटरांवर गेला होता. भूपट्टांच्या मानाने हा फारच मोठा वेग. तप्तस्थलाने दिलेला रेटा, उत्तरेला आशियाखाली जाणाऱ्या सागरतळाची ओढ आणि भारताचे तुलनेने पातळ शिलावरण अशी त्याची निरनिराळी कारणे सांगितली जातात. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला भिडला आणि हा वेग झपाट्याने उतरून आजच्या सुमारे पाच सेंटीमीटरांवर आला.

भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस समुद्र होता. त्याच्या तळावरचा गाळ या टकरीत दुमडून वर उचलला गेला. देवघरात पूजला जाणारा शाळिग्राम या समुद्राचा साक्षीदार आहे. नेपाळमधल्या काली गंडकीच्या पात्रात मिळणाऱ्या या काळ्या गोट्यांपैकी अनेकांत चक्राकार कवच असते. ते अॅमोनाइट या सागरी प्राण्याचे आहे. डायनोसॉर गेले त्याच सुमारास हा प्राणीही नामशेष झाला. समुद्रात जगलेला जीव आज हिमालयातून वाहत येणाऱ्या नदीत सापडतो.

टक्कर अजून संपलेली नाही. भारताच्या रेट्यातला वर्षाला सुमारे दोन सेंटीमीटरांचा वाटा हिमालयातच जिरतो; उरलेला तिबेट आणि त्यापलीकडच्या प्रदेशांना दाबतो. या दाबाची प्रतिक्रिया भूपट्टाच्या आत, पार दख्खनपर्यंत पोचते.

प्रवासाचा पुरावा

दख्खनच्या खडकांचे पहिले सविस्तर वर्णन करणाऱ्यांत मुंबई इलाख्यातील लष्करी अधिकारी विल्यम साइक्स होते. त्यांनी १८३० च्या दशकात आडव्या थरांची ही विलक्षण रचना नोंदवली. १८५१ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था सुरू झाली आणि १८६० च्या दशकात ब्लॅनफर्ड यांनी पश्चिम आणि मध्य भारतातील ट्रॅपचा पद्धतशीर अभ्यास केला. दक्षिणेकडच्या खंडांतील सारखेपणा तोवर लक्षात आला होता. पण खंड सरकतात ही कल्पना नसल्याने मधली जमीन बुडाली असावी, असे मानले जाई. गोंडवनभूमीची कल्पना मांडणारे ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यांचेही मत असेच होते. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंडच सरकतात असे मांडले आणि भारत उत्तरेकडे जाऊन आशियावर आदळल्याने हिमालय झाला, असे सांगितले. खंड हलवणारे बळ कोणते, हे त्यांना पटण्याजोगे सांगता आले नाही, म्हणून बहुतेकांनी ती कल्पना नाकारली.

ती पुन्हा उभी राहण्यात दख्खनच्या दगडाचा मोठा वाटा आहे. बेसाल्ट थंड होताना त्यातील लोहयुक्त खनिजे त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. ही दिशा क्षितिजाशी किती कोन करते, यावरून खडक कोणत्या अक्षांशावर गोठला ते काढता येते. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये दख्खनच्या नमुन्यांची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सहस्रबुद्धे, राधाकृष्णमूर्ती आणि सहकाऱ्यांनी हे काम पुढे नेले. आज उत्तर गोलार्धात असलेला हा लाव्हा दक्षिण गोलार्धात गोठला होता, असा त्याचा निष्कर्ष. घाटातल्या खालच्या प्रवाहांत चुंबकीय दिशा उलट आणि वरच्यांत सुलट आढळली. उद्रेक चालू असतानाच पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव पालटले होते.

१९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी सागरतळ रिजच्या दोन्ही अंगांना पसरतो, याचा चुंबकीय पुरावा मांडला. त्यांनी वापरलेले सर्वेक्षण भारत आणि सेशेल्स यांच्यामधल्या कार्ल्सबर्ग रिजचे होते. १९६८ पर्यंत भूपट्टांचा सिद्धांत आकाराला आला आणि १९७१ मध्ये मॅकेन्झी आणि स्क्लेटर यांनी सागरतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांवरून भारताचा मार्ग आखला. १९८७ मध्ये हिंदी महासागरात झालेल्या वेधनाने तप्तस्थलाची वाट पक्की केली. मालदीवजवळचा लाव्हा सुमारे ५.७ कोटी वर्षांचा, चागोसजवळचा ४.९ कोटींचा निघाला. मॉरिशसचा लाव्हा नव्वद लाख वर्षांच्या आतला आहे, रियुनियनचा त्याहून तरुण. दख्खन, लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस आणि रियुनियन ही एकाच तप्तस्थलाची माळ आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजुरीसाठी मॉरिशसला गेलेले मराठी लोक, भूशास्त्राच्या हिशेबात, एकाच तप्तस्थलाच्या जुन्या लाव्हावरून नव्या लाव्हावर गेले.

आजचा ताण

भूपट्टाच्या कडांपासून दूर असलेला दख्खनचा भाग भूकंपाच्या दृष्टीने निर्धोक मानला जात असे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६.३ महत्तेचा भूकंप झाला. त्यात दोनशेच्या आसपास माणसे गेली आणि कोयना धरणाला तडे गेले. या धरणाचा शिवसागर जलाशय १९६२ पासून भरू लागला होता आणि तेव्हापासून लहान धक्के सुरू झाले होते. पाण्याचे वजन आणि भेगांत झिरपून वाढलेला दाब यांनी आधीच ताणाखाली असलेले भ्रंश सरकले, असा निष्कर्ष निघाला. ताण भूपट्टाचा, निमित्त जलाशयाचे. कोयना आणि वारणा या जलाशयांच्या परिसरात पाचपेक्षा अधिक महत्तेचे वीसहून जास्त धक्के नोंदले गेले आहेत. त्याच प्रदेशात बेसाल्टखालचा खडक अभ्यासण्यासाठी तीन किलोमीटर खोलीचे वेधनछिद्र घेण्यात आले. या कामासाठी कराडजवळ प्रयोगशाळा आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर जिल्ह्यातील किल्लारीला सहाहून अधिक महत्तेचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. केंद्र उथळ होते आणि घरांच्या दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. तेथे कोयनेसारखे मोठे धरणही नव्हते. लाव्हाखाली गाडला गेलेला जुना भ्रंश उत्तर-दक्षिण दाबाने सरकला आणि एक बाजू दुसरीवर चढली. हा दाब हिमालयात अडलेल्या भूपट्टाचा आहे.

कोयनेच्या भूकंपानंतर तो परिसर भूकंपप्रवणतेच्या चौथ्या विभागात घालण्यात आला. किल्लारी १९९३ मध्ये पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होती. २००२ च्या सुधारित नकाशात ती तिसऱ्या विभागात आली आणि पहिला विभागच काढून टाकण्यात आला. देशाचा कोणताही भाग भूकंपापासून मुक्त नाही, हे त्यातून अधिकृतपणे मान्य झाले. भूपट्ट वर्षाला पाच सेंटीमीटर सरकत असेपर्यंत दख्खनच्या जुन्या भ्रंशांवर ताण साचत राहणार. धक्का कधी आणि कुठे बसेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून या प्रदेशात बांधल्या जाणाऱ्या घरांची, शाळांची आणि धरणांची मजबुती हाच त्यावरचा व्यवहार्य उपाय ठरतो.